रीळ तुटलेला खेळ

मराठवाड्यातील जत्रांमधून फिरणाऱ्या एका टुरिंग टॉकीजमध्ये मी तरुणपणी ऑपरेटर होतो. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबापासून आमचा फेरा सुरू होई आणि फाल्गुन वद्यात नाथषष्ठीसाठी आमचा ट्रक पैठणला गोदाकाठी येऊन थांबे. माळेगावात घोडे, गाढवे आणि उंट यांच्या बाजारासाठी आलेला माणूस रात्री मारामारीच्या सिनेमाला गर्दी करी आणि शिट्ट्या मारून तंबू डोक्यावर घेई. पैठणला मात्र मालकांचा नियम ठरलेला होता: षष्ठीच्या दिवसांत देवाचाच सिनेमा लावायचा, मग गल्ला कमी जमला तरी चालेल.

त्या वर्षी आमच्याकडे प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ची प्रिंट होती. दामले आणि फत्तेलाल यांनी पुण्यात केलेला हा चित्रपट १९३६ सालचा, आणि दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झालेला. परंतु पैठणमध्ये तो लावण्यामागचे कारण पंचांगात होते. फाल्गुन वद्य द्वितीया ही तुकाराम बीज, आणि तिच्यानंतर चौथ्या दिवशी नाथषष्ठी. बीजेलाच नाथांच्या वाड्यातील रांजणाची पूजा होते आणि पैठणच्या उत्सवाला तेथून आरंभ होतो. प्रत्यक्ष भगवंताने श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी कावडीने पाणी वाहिले अशी श्रद्धा आहे, त्यामुळे येणारी माणसे गोदावरीचे पाणी आणून त्या रांजणात ओततात. षष्ठी हा नाथांनी १५९९ साली गोदावरीत देह ठेवला तो दिवस, आणि अष्टमीला काला होऊन यात्रा उलगते. एका संताच्या तिथीला निघालेला माणूस दुसऱ्या संताच्या तिथीला पैठणात पोहोचलेला असतो, तेव्हा त्याला तुकोबांचा सिनेमा दाखवावा, हा मालकांचा हिशोब मला अगदी योग्य वाटत असे.

पैठणकर मात्र दरवर्षी हक्काने विचारत, “आमच्या नाथांचा शिनेमा नाही का?” तसा चित्रपटही प्रभातनेच काढला होता. ‘धर्मात्मा’ हे त्याचे नाव, १९३५ साली व्ही. शांतारामबापूंनी तो दिग्दर्शित केला आणि स्वतः बालगंधर्वांनी त्यात एकनाथांची भूमिका केली. पण त्याची प्रिंट आमच्या हाती कधी लागली नाही, आणि नाथांच्या गावात नाथांचा सिनेमा दाखवता येत नाही याची रुखरुख मला अजून वाटते.

आमच्या तंबूची व्यवस्था साधी होती. ट्रकच्या हौद्यात उंचावर प्रोजेक्टर, मागे डिझेलचे जनरेटर, समोर बांबूंवर ताणलेला पांढरा पडदा, आणि मधल्या जमिनीवर एका बाजूला बाया व दुसऱ्या बाजूला पुरुष बसत. प्रोजेक्टर एकच असल्यामुळे प्रत्येक रीळ संपले की दिवे लावून दुसरे चढवावे लागे. उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये आर्क, म्हणजे विजेची प्रखर ज्योत, पेटवायचा आणि कांड्या जळून आखूड होतील तसे त्यांच्यातले अंतर सारखे करत राहायचे, नाहीतर पडदा पिवळा पडतो. सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने फिल्म यंत्राच्या दारासमोरून, म्हणजे उजेड जिथून फिल्मवर पडतो त्या खिडकीसमोरून, सरकत असते, आणि ती थांबली तर त्या आर्कच्या आचेने चौकट जळायला वेळ लागत नाही. त्यामुळे ऑपरेटरचा एक हात सदैव उजेड अडवणाऱ्या झडपेजवळ असावा लागतो. सिनेमा चालू असताना मी पडद्याकडे फार कमी पाहत असे. कानांनी यंत्राचा आवाज ऐकणे हेच माझे खरे काम होते.

पंचमीच्या रात्री दिंड्या उतरल्या होत्या आणि पहिल्याच खेळाला तंबू भरला. दाराशी येताच माणसांनी वहाणा काढायला सुरुवात केली. तिकीट फाडणारा पोरगा सांगत होता की आत खडे आहेत, वहाणा राहू द्या, पण टाळ गळ्यात अडकवलेल्या एका म्हाताऱ्या आजीने त्याला समजावले, “लेकरा, तुकोबा हायेत आत. वहाणा घालून कसं जावं?” मग वहाणांचा ढीग राखण्यासाठी मालकांनी एक माणूस तेवढ्यासाठी बसवला. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनिसांचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा सगळ्या तंबूने हात जोडले. माझ्या आईच्या देवघरात तुकोबांची म्हणून जी तसबीर होती तिच्यावरही पागनिसांच्याच चेहऱ्याची छाप होती, त्यामुळे त्या हात जोडण्यात मला काही नवल वाटले नाही.

प्रिंट जुनी होती. आधीच्या अनेक हातांनी ती ओढाताण करून चालवलेली होती आणि कडेची भोके ठिकठिकाणी फाटलेली होती. दुपारी पूर्ण रीळ बोटांतून फिरवून मी शक्य तेवढे सांधे पक्के केले होते, पण फिल्मच सुकून कडक झाली की हाताच्या कामाला मर्यादा येते. ‘आधी बीज एकले’ हे गाणे निम्म्यावर आले असताना यंत्राचा सूर बदलला, मी झडप टाकली, आणि त्याच क्षणी फिल्म तुटली. पडदा काळा झाला, आवाज ओळीच्या मध्येच थांबला.

अशा वेळी जत्रेत काय होते हे मला पक्के ठाऊक होते. आधी शिट्ट्या, मग ऑपरेटरच्या घरादाराचा उद्धार, मग एखादा खडा ट्रकच्या पत्र्यावर. म्हणून फिल्म तुटली की ताबडतोब दिवे लावायचे, असा आमचा रिवाज होता. माझा हात दिव्याच्या बटणाकडे गेलेला असतानाच बायांच्या बाजूने, त्या आजीच्याच आवाजात असावी, गाण्याची पुढची ओळ ऐकू आली. पागनिसांचा आवाज ज्या शब्दावर तुटला होता त्याच्या पुढच्याच शब्दापासून तिने गाणे उचलले होते, आणि दुसऱ्या ओळीला सगळा तंबू तिच्यात मिसळला. कुठून तरी टाळ वाजू लागले. कोणाच्या तरी जवळ पखवाज होता. चाल चित्रपटातलीच होती, तिच्यात तसूभरही फरक नव्हता. मी दिवे लावले नाहीत. सांधा करण्यापुरता माझ्या डोक्यावरचा लहान बल्ब तेवढा लावला.

या गाण्याविषयी एक गोष्ट येथे सांगायला हवी. ते तुकाराम महाराजांचे नाही. शांताराम आठवले यांनी ते या चित्रपटासाठी लिहिले, ही माहिती मला पुढे फार उशिरा एका पुस्तकातून मिळाली. त्या रात्री तंबूत बसलेल्यांपैकी कोणालाही ते सिनेमाचे गाणे आहे असे सांगितले असते तर त्यांनी ते मानले नसते. चित्रपट निघाल्यापासून दोन पिढ्या ते गाणे दिंडीतून चालत आले होते, आणि ज्यांच्या जिभेवर तुकोबांचे शेकडो अभंग आहेत अशा माणसांनी ते आपल्या अभंगांत बसवून घेतले होते. एखाद्या कवीच्या वाट्याला याहून मोठा मान कोणता येऊ शकेल, हे मला माहीत नाही.

इकडे माझे काम चालू होते. फाटलेल्या चौकटी कापल्या, एका टोकावरचा थर ब्लेडने खरवडला, फिल्म सिमेंटचा, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रावाचा, हात फिरवला, कडेची भोके एकमेकांवर अचूक बसवली आणि सांधा दाबून धरला. एरवी हे करताना बाहेरच्या आरडाओरड्याने बोटे थरथरत. त्या रात्री टाळांच्या ठेक्यावर हात चालत होते, आणि माझ्या हातून इतका सुबक सांधा क्वचितच झाला असेल. मालक शिडीवरून वर आले आणि दुसऱ्या खेळाची रांग लागली आहे, लवकर सुरू कर, असे म्हणाले. मी त्यांना म्हणालो, “मालक, गाणं संपू द्या. मधीच आवाज सोडला तर त्यांचं तुटंल.” त्यांनी क्षणभर ऐकले आणि ते शिडीवरच बसून राहिले.

गाणे संपले, विठ्ठलाचा गजर झाला, आणि मी रीळ चढवायला घेतले तोच पुरुषांच्या बाजूने एक उंच, काटकुळा म्हातारा उठून पडद्यासमोर गेला. तो पाटोद्याकडच्या एका दिंडीतला भारूडकरी होता. “माउली, जरा उजेड दाखवा,” त्याने ट्रककडे पाहून हाक दिली, “नाथांच्या गावात आलोत, एक भारूड झाल्याबिगर कसं?” मी फिल्म बाजूला ठेवली, कार्बन सारखे केले आणि झडप उघडली. रिकाम्या यंत्राचा पांढरा झोत पडद्यावर पडला आणि त्या म्हाताऱ्याची दुप्पट मोठी सावली तेथे उभी राहिली.

त्याने नाथांचे विंचवाचे भारूड धरले. विंचू चावल्याचे सोंग करत तो कळवळला, लोळला, पाय झाडत उड्या मारू लागला आणि लोक हसून लोटपोट झाले. मग त्याला स्वतःची सावली दिसली. तो दोन पावले मागे सरकला, उजव्या हाताची बोटे वाकवली, आणि पडद्यावर माणसाएवढ्या विंचवाची नांगी वळवळू लागली. पुढे बसलेली पोरे किंचाळून आयांच्या कुशीत शिरली आणि लगेच पुन्हा मान वर काढून पाहू लागली. ती नांगी हळूहळू बायांच्या बाजूला सरके तशी तिकडून हसण्याची लाट येई. मालक कार्बनच्या एकेका कांडीचा हिशोब ठेवणारे गृहस्थ, पण तेही शिडीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. शेवटी विंचवावरचा उतारा सांगण्याची वेळ आली, तमोगुण टाकून सत्त्वगुण अंगाला लावण्याचा नाथांचा उपदेश आला, आणि इतका वेळ हसणारा तंबू तेवढ्याच मनापासून गंभीर झाला. भारूड मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. हसवता हसवता माणसाला त्या वळणावर आणण्याची नाथांची हातोटी मला त्या रात्री, यंत्रामागे उभा राहून, प्रथमच नीट समजली. आमचा सिनेमा आणि त्यांचे भारूड यांत एक धंद्याचा आणि दुसरा भक्तीचा, असा भेद करणारे तेथे कोणीही नव्हते.

“आता लावा, माउली,” म्हणत म्हातारा आपल्या जागी जाऊन बसला.

तुटलेल्या ठिकाणापासून सिनेमा पुढे नेणे मला बरोबर वाटले नाही. नव्वद फूट फिल्म म्हणजे एक मिनिट, या हिशोबाने मी रीळ हाताने मागे फिरवले आणि गाणे पहिल्या ओळीपासून लावले. तंबू पागनिसांबरोबर गाऊ लागला. सांध्याच्या जागी चौकटी कमी झालेल्या असतात, म्हणून चित्राला एक झटका बसतो, आणि आवाज टिपणारा भाग दारापासून एकवीस चौकटी पुढे असल्यामुळे आवाजाचा झटका जवळजवळ सेकंदभराने येतो. चित्राचा झटका मला दिसला. आवाजाचा ऐकू आला नाही, कारण तेथे गळालेले अक्षर सगळ्या तंबूने आपल्या तोंडाने भरून काढले होते. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा माणसे उभी राहिली, आणि पडद्याच्या दिशेने काही नाणीही पडली. ती मालकांनी गल्ल्यात न टाकता सकाळी नाथांच्या समाधीपुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी षष्ठी होती. संध्याकाळी तिकिटांची खिडकी उघडताच एका बाईने मालकांना विचारले, “ते इंचवाचं भारूड असलेला शिनेमा कोन्च्या खेळाला हाय?” तिच्या मागच्या दोघीही त्याच खेळाला आल्या होत्या. रात्रीतून ही वार्ता सगळ्या दिंड्यांत पसरली होती. मालकांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “दुसऱ्या खेळाला, माय,” आणि एका पोराला म्हाताऱ्याच्या शोधात पिटाळले. तो दर्शनाच्या रांगेत सापडला. दर्शन झाल्याशिवाय येणार नाही, आणि आला तर पैसे घेणार नाही, फक्त आपल्या दिंडीतल्या सगळ्यांना आत बसू द्यावे, असा त्याने निरोप पाठवला. मालकांनी तो आनंदाने मान्य केला.

दुसऱ्या खेळाला गाणे संपताच मी झडप टाकली आणि रीळ यंत्रातून काढून घेतले. म्हातारा पडद्यापुढे जाण्याआधी मुद्दाम वळसा घालून ट्रकपाशी आला आणि मान वर करून मला म्हणाला, “आज उजेड जरासा खाली मारा, बाप्पा. काल मागच्या लेकरांना नांगी नीट दिसली नाही म्हन्ते.” मी प्रोजेक्टरच्या मागच्या पायांखाली लाकडाची एक पाचर सारली आणि तो सांगेल तेथे झोत आणून दिला.