पैसे खर्चून चालायला जाणारी माणसं

आमच्या घरी सुट्टीत कुठे जायचं हे शाळा ठरवत नाही, वावर ठरवतं. उन्हाळ्याची सुट्टी विदर्भात लांबलचक, कारण आमच्याकडच्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पण पारा ४५च्या पुढे असताना पोरांना डोंगर चढवायचा म्हणजे उन्हालाच आवतण. पावसाळ्यात निंदण-डवरणी सुटत नाही, आणि सुटलीच तर चिखलदऱ्याच्या घाटात शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा. उरली दिवाळी. सोयाबीन घरात आलेलं असतं, कापसाचा पहिला वेचा चालू असतो, मजूर मिळत नाहीत म्हणून पोरंही दोन-चार दिवस पाती धरतात. भाऊबीज आटोपली की शाळा उघडेपर्यंत जी फट सापडते, तिच्यात आमची सहल बसवायची.

आमच्या ह्यांचा पहिला आक्षेप ठरलेला. "वावरात पात धर म्हटलं की पोट्ट्याचे पाय दुखते, अन् तू तेले पैसे खर्चून चालाले नेऊन राहिली?"

हसू येतं, पण प्रश्न खोटा नाही. शहरातल्या मुलांना सुट्टीत अंगमेहनत करायला लावण्याची जी हौस आहे, ती आमच्या पोरांना लागू नाही. माझी मुलगी नववीत आहे, रोज सायकल मारत शाळेत जाते. धाकटा सातवीत, तो पाण्याची पाळी असली की बापासोबत रात्री वावरात जातो. त्यांना घाम नवा नाही. पण वावरात कोणती पात धरायची, कधी थांबायचं, पाणी कुठे प्यायचं हे सगळं मोठ्यांनी ठरवलेलं असतं. गडावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे त्यांनी ठरवावं आणि आम्ही मुकाट मागे चालावं, एवढ्यासाठी माझा हा खटाटोप.

आमच्याकडची नेहमीची सहल म्हणजे भाड्याची गाडी. दहा माणसं कोंबायची, शेगाव, शिर्डी, शनी शिंगणापूर, जमलं तर आणखी एक देव. देवाला नमस्कारच आहे. पण त्या गाडीत मागच्या सीटवर पोरं दिवसभर मोबाइलवर मान मोडून बसतात, दर्शनाच्या रांगेत बसतात, जेवायला बसतात. पाच-सहा वर्षांचं लेकरू खिडकीतून म्हशी पाहून खूश होतं. चौदा वर्षांच्या मुलीला ते पुरत नाही, आणि ती तोंड वाकडं करते तेव्हा आपण म्हणतो, हिला काहीच आवडत नाही.

म्हणून एकच ठिकाण, या खेपेला चिखलदरा आणि तिथला गाविलगड. तिथंच मुक्काम, आणि जायचं एसटीनं. अंजनगावहून परतवाडा, तिथून घाटाची गाडी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून, म्हणजे २०२३च्या मार्चपासून, माझं आणि मुलीचं भाडं निम्मं लागतं. धाकट्याला बारा पूर्ण झाल्यामुळे त्याचं पुरं तिकीट. "म्हणजे मी दोन पोरींएवढा," असं तो कंडक्टरसमोर म्हणाला आणि बहिणीचा धपाटा खाल्ला. सोबत मोठ्या जाऊबाईंचा मुलगा, अकरावीतला. चुलतभाऊ सोबत नसेल तर या वयाचं पोरगं यायलाच तयार होत नाही. आईबापासोबत एकटं फिरणं त्यांना कमीपणाचं वाटतं, आणि मला ते पटतं.

तिघांना तीन कामं दिली, आणि खोटी कामं नव्हेत. मुलीकडे वाट. तिनं घरून निघतानाच मोबाइलमध्ये नकाशा उतरवून घेतला, कारण मेळघाटात रेंज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. (मोबाइल काढून घ्यायची गरज मला कधी पडत नाही, जंगलच ते काम करतं.) पुतण्याकडे पैसे. रोजचा खर्च त्याच्या खिशात, संध्याकाळी हिशेब. पहिल्याच दिवशी त्यानं रबडीवर जो हात सैल सोडला, त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी चहा कमी पिऊन केली, आणि मी मध्ये पडले नाही. धाकट्याकडे पाणी. माणशी दोन लिटर, गडावर मिळेल असं धरायचंच नाही. बाटल्या भरून पिशवी उचलली तेव्हा तो वाकला. मग त्यानं स्वतःच प्रत्येकाच्या पाठीवर वाटणी केली, बापाच्या पिशवीत जरा जास्तच.

गाविलगड चिखलदऱ्याच्या गावापासून पायी जाण्यासारखा आहे. वन खात्याच्या हद्दीत येतो, म्हणून सकाळी लवकर जायचं आणि दिवस कलायच्या आत बाहेर पडायचं. अस्वलं असतात, ती सकाळ-संध्याकाळ जास्त फिरतात. बोलत चालायचं, एकट्यानं झुडपात शिरायचं नाही. पुतण्यानं निघताना अंगावर अर्धी बाटली स्प्रे मारला होता. त्याला परत पाठवून अंघोळ करायला लावली, कारण गडांच्या कड्यांना, कमानींना आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास, धूर त्यांना खपत नाही. त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी गडाचा इतिहास वाचला होता, म्हणून गाइड केला नाही. माझं माहेर अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या बाजूचं. तिथं २९ नोव्हेंबर १८०३ला भोसले-शिंद्यांची इंग्रजांशी लढाई झाली, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिथून इंग्रज थेट इथं आले हे मला मुलीकडून कळलं. गड नागपूरच्या भोसल्यांचा, किल्लेदार बेनीसिंग. दक्षिणेकडून कडा सरळ तुटलेला, तिथून इंग्रजांचा सेनापती वेलस्ली नुसता तोफा डागत राहिला. खरा घाव उत्तरेकडून. त्याच्या हाताखालच्या कर्नल स्टीव्हन्सनची फौज ७ डिसेंबरला निघाली, डोंगरातून वाट काढत, तोफा ओढत १२ तारखेला गडाच्या उत्तरेला पोचली. १५ तारखेला तटाला खिंडार पाडून आत शिरले. आतल्या तटाला खिंडार पडलं नव्हतं, तिथं शिड्या लावल्या. बेनीसिंग लढताना पडला.

हे सगळं ती पुस्तकी आवाजात सांगत होती, तोवर पोरांचं लक्ष माकडांकडे. मग उत्तरेकडचा तट आला आणि धाकटा एकदम म्हणाला, "आई, तोफा इथून कशा चढवल्या असतील? आपल्याच्यानं पाण्याची पिशवी चढवणं होत नाही." पुतण्या बैलांचं गणित मांडायला लागला. एका तोफेला किती जोड्या लागतील, चढावर पुढून ओढायच्या की मागून खालच्या बाजूला धरायच्या. इथं आमचे हे पहिल्यांदा बोलले. कापसाच्या गाडीला चढावर मागून धोंडा कसा लावतात, उतारावर बैल कसे बिथरतात, हे त्यांनी तिथंच दगड-काड्या मांडून दाखवलं. तट पाहायला आलेलं कोणी तरी जोडपं थांबून ऐकत होतं. एक लोखंडी तोफ गवतात पडलेली होती, ती तिघांनी विती टाकून मोजली आणि कोणाची वीत खरी यावर भांडले.

आता एक गोष्ट, जी सहलीच्या गप्पांमध्ये कोणी बोलत नाही. मुलगी वयात आली की तारखा तिला विचारून ठरवा. गडावर संडास नाही. पाळीच्या दिवसांत सात-आठ तास डोंगरावर काढायचे म्हणजे त्या पोरीला शिक्षा, मग ती "मले नाही यायचं" म्हणते आणि घरचे म्हणतात, आळशी झाली. आम्ही तारीख पुढे ढकलली आणि का ढकलली ते ह्यांना सरळ सांगितलं. ह्यांनी मान हलवली, विषय संपला. तरीही पिशवीत पॅड, जुने वर्तमानपत्राचे कागद आणि वापरलेलं परत आणायला जाड पिशवी ठेवतेच मी. खोली घेताना आधी संडास-बाथरूम बघते, खिडकीतून दरी दिसते की नाही ते नंतर.

कपडे-बुटांचं फार अवडंबर नको. शाळेचे पीटीचे बूट पुरतात, फक्त नवे कोरे घालून जाऊ नका. जेवणाला दशम्या, ठेचा, कच्चा चिवडा. माकडांना दिसेल असं काही हातात धरायचं नाही.

लोणार मला याहून सोपं वाटतं, आणि पोरांना याहून जास्त आवडलं. पाऊणेदोन-एक किलोमीटर रुंदीचं विवर, उल्केनं काळ्या पाषाणात पाडलेलं. खाली उतरायचं, झाडीतून देवळं बघत चालायचं, आणि मग चढ. तिथं धाकट्यानं घरून हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या नेल्या होत्या, विज्ञानाच्या बाईंनी सांगितलेल्या. सरोवराच्या पाण्यात पट्टी बुडवली तशी पिवळी होती ती कुंकवासारखी तांबडी झाली, कारण ते पाणी नुसतं खारट नाही, सोड्याच्या पाण्यासारखं आम्लारिधर्मी आहे. वरच्या गोमुखाच्या धारेत दुसरी पट्टी धरली, ती पिवळीच राहिली. एवढ्याशा अंतरावर दोन पाणी! सासूबाईंनी ती तांबडी पट्टी देव्हाऱ्याजवळ ठेवून दिली आहे, का ते विचारलं नाही. लांबचा असा दौरा असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास बघा, चार किंवा सात दिवसांचा मिळतो. नुसत्या चिखलदऱ्याला त्याची गरज नाही.

पुढच्या खेपेला नरनाळा. अकोटहून विसेक किलोमीटर, पायथ्याला शहानूर, वर महाकाली दरवाजा आणि नऊगजी तोफ. पोरांचं म्हणणं, गावातून सायकलींनीच जायचं, शहानूरला सायकली ठेवून गड चढायचा. हे म्हणतात, जा, मी एसटीनं येतो. अडलंय ते पंक्चरच्या सामानावर. धाकट्याला ट्यूब काढून पंक्चर जोडता येतं, पुतण्याला येत नाही. धाकटा म्हणतो, सामान मी घेतो, पण तुझ्या पंक्चरचे वीस रुपये पडतील, नाहीतर शिकून घे.