दंडाची पावती

वनहक्क दाव्याच्या फायलीत काय काय निघतं, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. मतदार यादीचा उतारा, रेशनकार्डाची झेरॉक्स, वंशावळ, गावातल्या म्हाताऱ्याचा अंगठा लावलेला जबाब, आणि बऱ्याचदा जंगलखात्याच्या दंडाची पावती. जिच्यामुळे माणूस एकेकाळी अतिक्रमणदार ठरला, तीच आता त्याच्या बाजूची साक्ष होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळायला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा लागतो. त्या तारखेच्या मागे जाणारा सरकारी शिक्क्याचा कागद पाड्यावरच्या घरात दुसरा कुठला असणार?

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका डोंगरी तालुक्यात वनहक्क कक्षात कंत्राटावर काम करते. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान लाँग मार्च निघाला, तेव्हा आमच्या तालुक्यातले पाडेच्या पाडे रिकामे झाले होते. सुमारे १८० किलोमीटर चालून लोक मुंबईत पोचले. दहावीच्या पोरांचा पेपर चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा, सोमय्या मैदान ते आझाद मैदान, त्यांनी रातोरात चालून काढला. मुंबईकरांनी पाणी दिलं, खायला दिलं, चपला दिल्या. ते सगळं खरं होतं, मनापासूनचं होतं. पण १२ मार्चला सरकारचं लेखी आश्वासन आलं आणि मुंबईच्या लेखी विषय तिथेच संपला. आमच्याकडे तो तिथून सुरू झाला. वनजमिनीचे दावे सहा महिन्यांत निकाली काढायचे होते. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या ‘अमान्य’ फायली पुन्हा टेबलावर आल्या.

त्यातली एक घेऊन मेच्या शेवटी मी स्थळपाहणीला गेले. सोबत तलाठी, वनरक्षक आणि वनहक्क समितीचे चार जण होते. दावेदार साठीच्या पुढच्या एक आजी, नवरा वारलेला. दावा २००९ चा, क्षेत्र १ हेक्टर २० आर. अमान्यतेचं कारण छापील तक्त्यात खूण करून दिलेलं: ‘पुरावा अपुरा’.

आजींनी नागलीच्या कणगीत जपलेली दुधाची पिशवी आणली. तिच्यात पाच पावत्या होत्या. सर्वांत जुनी १९९१ ची, कार्बनची निळी अक्षरं जेमतेम दिसत होती. मी फाईल उघडली. पाचही पावत्यांच्या झेरॉक्स आत होत्या, पहिल्यापासून होत्या.

मग अपुरं काय होतं? पावतीवर जंगलखात्याचा कंपार्टमेंट नंबर असतो आणि दावा भरला जातो महसुलाच्या गट नंबराने. एकाच जमिनीला दोन खात्यांनी दोन नावं ठेवली, आणि ती जुळवायचं काम ज्याला वाचता येत नाही त्याच्यावर टाकलं. शिवाय पावत्या नवऱ्याच्या नावावर, तेही टोपणनावाने. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले असते तर अर्ध्या तासात उलगडा झाला असता. ते कुणी केलं नाही. छाननीच्या तक्त्याखाली सही माझी आहे. तेव्हा मी नवीन होते, रोज पन्नास फायली हातावेगळ्या करायच्या होत्या, वगैरे. या सबबी मी त्या दिवसापासून स्वतःला सांगते आहे.

मोजणीसाठी जीपीएस घेऊन हद्दीवरून चालावं लागतं. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचं, आकडा स्थिर होईपर्यंत हलायचं नाही. आजी पुढे, अनवाणी. मार्चमध्ये डांबरावर सोललेल्या तळव्यांना नवी गुलाबी कातडी आली होती. यंत्रात ९८ आर भरले. वनरक्षक लगेच म्हणाला, “बघा, वाढवून मागितलंय.” हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. यंत्र सपाट नकाशावरचं क्षेत्र मोजतं. उतारावर नांगर जेवढ्या जमिनीवरून फिरतो, तेवढी नकाशात कधीच भरत नाही. दहा वर्षं या कामात असलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं.

मोहाच्या सावलीत पंचनामा लिहिताना मी आजींना विचारलं, जंगलखात्याचे लोक पीक उपटून टाकायचे तेव्हा तुम्ही काय करायचात?

“पुन्हा लावायचो. दुसरं काय?”

“कुणी हात नाही उचलला?”

“पोरं उठायची काठ्या घेऊन. मालक त्यांना खाली बसवायचा. म्हणायचा, मारलंत तर तुम्ही जेलात आणि जमीन त्यांच्या घशात. दंड म्हणाले तर दंड भरू. पण पावती घेतल्याबिगर उठायचं नाही. एकदा सांजपर्यंत बसलो होतो नाक्यावर, सगळा पाडा, बायापोरांसकट. शेवटी फाडून दिली पावती.”

गांधीजींनी १९३० मध्ये दांडीला मीठ उचललं ते उघड्यावर, सगळ्यांदेखत, शिक्षेची तयारी ठेवून. शाळेत आम्ही तो धडा पाठ केला. इथे एक माणूस नागलीची रोपं उघड्यावर लावत होता, शिक्षा घेत होता, शिक्षेची पोच मागत होता आणि पुढच्या पावसात पुन्हा लावत होता. लाँग मार्चचे ते सहा दिवस देशाने पाहिले. मला तेव्हापासून या पावत्यांमधल्या वर्षांनी धरून ठेवलंय. ‘अहिंसा’ म्हटलं की लोकांना सोसणारा माणूस दिसतो. नाक्यावर पावतीसाठी बसून राहिलेला पाडा नुसता सोसत नव्हता. तो लिहून घेत होता.

दोन जुन्या शेजाऱ्यांचे जबाब मी तिथेच घेतले. दोन्ही नकाशे जुळवून कंपार्टमेंट आणि गट एकच असल्याचं टिपण जोडलं, टोपणनावाबद्दल वनहक्क समितीचा ठराव लावला आणि शिफारशीचा प्रस्ताव तयार केला. पुढे उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. तिथलं माझ्या हातात नाही.

निघताना आजींनी पंचनाम्याची प्रत मागितली. दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली.

“शिक्का नाही?”

“शिक्का ऑफिसात राहिलाय आजी. सही आहे ना माझी.”

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडलं तेव्हा त्या दाराशी बसलेल्या होत्या. मी शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागद हातात आडवा धरून ठेवला, मग घडी घालून दुधाच्या पिशवीत, पाच पावत्यांच्या वर ठेवला.