मँचेस्टरचा नाश्ता, नागपूरचं जेवण

फेब्रुवारीत मँचेस्टरला सकाळचे सात वाजतात तेव्हा नागपुरात दुपारचे साडेबारा झालेले असतात. त्यामुळे यंदा महिनाभर माझा नाश्ता आणि बाबांचं जेवण एकाच वेळी मिक्सरमध्ये फिरत होतं. व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडची घरघर थांबली की आई विचारायची, "काय टाकून राहिली तू त्यात?"

बाबांचे उरलेले सगळे दात जानेवारीच्या शेवटी काढले. कवळी बसेपर्यंत चावायचं काहीच नाही. पहिले दोन-तीन दिवस आईने संत्र्याचा रस, नारळपाणी आणि साबुदाण्याची पेज दिली. चौथ्या दिवशी फोनवर बाबांचा आवाज इतका खोल गेलेला होता की मला ऑफिसात लक्षच लागेना. पोट भरत होतं, पण ताकद येईल असं त्यात काही नव्हतं.

इथे नवी आले तेव्हा मीही हेच करत होते. दोन केळी, फ्रोझन आंबा, वरून मध, आणि अकरा वाजता भुकेने डोकं दुखायचं. मग इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला वाचला. फळं-भाज्यांचे रोज पाच हिस्से खा म्हणतात, पण रस आणि स्मूदी मिळून दिवसाला 150 मिलीलिटरच, आणि कितीही प्यायलं तरी तो एकच हिस्सा धरतात. फळ मिक्सरमध्ये वाटलं की त्याच्या पेशींत अडकलेली साखर मोकळी होते. दातांना ती मधाइतकीच वाईट. तेव्हापासून माझ्या ग्लासात फळ अर्धंच असतं. बाकी दही, ओट्स आणि भिजवलेले शेंगदाणे. पाव लिटर दुधात साधारण 8 ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढ्याच संत्र्याच्या रसात जेमतेम 2. हा हिशोब सांगितल्यावर आईला पटलं.

बाबांसाठी ओट्स कशाला शोधायचे? ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी केलेली आंबील घरात होतीच. दुपारी तुरीचं वरण, मऊ भात, उकडलेलं कोहळं आणि चमचाभर तूप, सगळं एकत्र वाटायचं. एक गोष्ट मात्र मी आईला रोज बजावायचे: गरम पदार्थ झाकण घट्ट लावून फिरवू नको. आत वाफ कोंडते आणि झाकण उडून हात भाजतो. कोमट होऊ दे, भांडं अर्धंच भर. आणि बाबांना स्ट्रॉ द्यायची नाही. ओढून प्यायल्याने दाताच्या खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निघून येते आणि मग भयंकर ठणका लागतो. वाटी-चमचाच बरा.

संत्र्यावरून आमचं थोडं वाजलं. मृग बहाराची संत्री नेमकी तेव्हाच बाजारात आलेली, आणि आई फोडी बियांसकट मिक्सरमध्ये टाकायची. अर्ध्या तासात रस कडू. आपल्या संत्र्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य असतं. ते रस काढल्यावर हळूहळू तयार होतं, आणि बियांमध्ये ते जास्त असतं. बिया काढायच्या, पांढरे दोरे सोलायचे आणि केल्या केल्या प्यायचं. दुधात तर नाहीच, फाटतं.

जवसाची मात्र मी वाट पाहायला लावली. इथे सुपरमार्केटमध्ये जवसाची पाकिटं पाहिली की मला आजीच्या चटणीचा वास येतो. पण बारीक कण ओल्या जखमेत अडकतात, म्हणून हिरड्या भरून येईपर्यंत थांबलो. नंतर भाजून, अगदी बारीक कुटून, रोज एक चमचा दह्यात. अख्खं जवस पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, म्हणून कुटायचंच.

मार्चअखेर इथली घड्याळं तासभर पुढे गेली आणि आमची वेळ चुकायला लागली. माझे सात, त्यांचे साडेअकरा. परवा मी एकटीच मिक्सर लावला होता, तेवढ्यात आईचा फोन. कवळी बसून आठवडा झाला होता. मागून बाबांचा आवाज आला, "तिला सांग, भाकर खाऊन राहिलो. झुणक्यासोबत."