देवावर राग आहे का, असं विचारता म्हणून

देव मानत नाही असं सांगितलं की समोरच्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. ‘बाई, काही झालं होतं का?’ नोकरीत होते तेव्हा विद्यार्थी विचारायचे, आता शेजारच्या बायका विचारतात, लग्नकार्यात नव्याने ओळख झालेले पाहुणे विचारतात. त्या विचारण्यात कुचेष्टा नसते, काळजी असते. एखादा अवेळी मृत्यू, न फळलेला नवस, मोठा अन्याय असं काहीतरी घडल्याशिवाय माणसाचा देवावरचा विश्वास उडत नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही, म्हणून लिहायला बसले.

काहीही झालं नव्हतं. आमचं घर श्रद्धाळू होतं आणि सुखी होतं. सणाच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यातले पितळी देव चिंचेच्या कोळाने घासायचं काम माझ्याकडे असायचं. रांगत्या बाळकृष्णाच्या गुडघ्यामागच्या खाचेत काळं साचायचं, ते काढायला मी चिंचेची शीर दोरीसारखी आत घालून ओढायचे. देव लख्ख झाले की आई ते उजेडात धरून बघायची आणि मग ताम्हणात ठेवायची. त्या घरात देवाने मला भीती घातली नाही, कुणी माझ्यावर काही लादलंही नाही. रागावण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि जो नाही असं मला वाटतं त्याच्यावर रागावणार तरी कशी?

माझं मत बदललं ते वाचनाने. एम. ए. ला मी दर्शनं, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखा, घेतल्या आणि तिथे नैयायिकांचं, म्हणजे न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या पंडितांचं, ईश्वराबद्दलचं अनुमान समोर आलं. जमीन, अंकुर ही सगळी कार्यं आहेत. जे जे कार्य असतं त्याला कर्ता असतो, जसा घड्याला कुंभार. म्हणून जगालाही कर्ता असला पाहिजे. आजही व्हॉट्सअॅपवर ‘घड्याळ आपोआप होतं का?’ असा निरोप फिरतो, तो याच युक्तिवादाचा पातळ अवतार आहे. मूळ मांडणी कितीतरी भक्कम आहे आणि ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला पटली होती.

मग कुमारिल भट्ट वाचले. सातव्या शतकातला हा मीमांसक, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतला पंडित, वेदांना प्रमाण मानणारा, यज्ञाचा कट्टर कैवारी. नास्तिकपणा परदेशातून आला असं जे म्हणतात त्यांनी कुमारिलांच्या ‘श्लोकवार्तिका’तलं संबंधाक्षेपपरिहार हे प्रकरण एकदा उघडावं. कुमारिल विचारतात, हे काहीच नव्हतं तेव्हा प्रजापती, म्हणजे जगाचा निर्माता, कुठे उभा होता? त्याचं रूप काय होतं? आणि त्या वेळी त्याला पाहणारा कोण होता, ज्याने पुढे लोकांना हे सांगितलं? कुंभाराला घडा करताना आपण पाहिलेलं असतं, म्हणून दुसरा घडा दिसला की कुंभाराचं अनुमान करता येतं. जग घडवताना कुणाला कुणी पाहिलंय? आणि कुंभाराचंच उदाहरण घ्यायचं तर अख्खा कुंभार घ्यावा लागेल. त्याला शरीर असतं, माती आधीपासून लागते, तोही कधीतरी मरतो. यातलं सोयीचं तेवढं ठेवून बाकीचं गाळायचं, तर त्याला आधार काय?

त्याहून मला हलवून गेला तो हेतूचा प्रश्न. ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’, मूर्खसुद्धा काही हेतू असल्याशिवाय काम हाती घेत नाही. मग ईश्वराने जग का केलं? करुणेपोटी म्हणावं तर सृष्टीच्या आधी करुणा करायला कुणी जीवच नव्हते. आणि करुणेपोटीच केलं असतं तर त्याने नुसतं सुखाचं जग केलं असतं. तेराशे वर्षांपूर्वी हे इतक्या स्वच्छ शब्दांत विचारलं गेलं आणि ज्यांनी विचारलं त्यांना कुणी ‘तुमचं काही बिनसलंय का’ असं विचारल्याची नोंद नाही. त्यांना उत्तरं दिली गेली, ग्रंथ लिहून. ती परंपरा आपली आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

उत्तरं तगडी होती हेही सांगायला हवं. नैयायिक उदयनाचार्य म्हणतात, कर्तेपणाला शरीर लागतच नाही. ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न हे तीन असले की कर्ता झाला. यावर मी बरेच दिवस अडले होते. पण ज्ञान, इच्छा, प्रयत्न हे तिन्ही आपल्याला कुठे आढळतात? जित्या शरीरातच. शरीराला मार लागला, ताप चढला, म्हातारपण आलं की तिन्ही क्षीण होतात. शरीराशिवायची इच्छा ही गोष्ट अनुभवात कुठेच सापडत नाही, आणि अनुमान तर अनुभवाच्याच पायावर उभं करायचं आहे.

इथवर सगळं ग्रंथातलं झालं. आता ज्या प्रश्नावर माझ्यापुरता निकाल लागला, त्याकडे येते.

1993 साली मी लातूरला नुकती नोकरीला लागले होते. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगाव विसर्जन करून लोक रात्री उशिरा घरी येऊन झोपले आणि 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं भूकंपाने कोसळली. जवळपास 10 हजार माणसं गेली. वरून पावसाने गाठलं. दोन दिवसांनी आम्ही काही शिक्षक भाकऱ्या बांधून घेऊन गेलो. आमच्या भागातली जुनी घरं म्हणजे चिखलात रचलेल्या काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचं जाडजूड माळवद. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती चढवायची. उन्हाळ्यात ही घरं थंडगार असतात. त्या मातीचा आता चिखल झाला होता आणि माणसं घमेल्यांनी तो उपसत होती. एका म्हाताऱ्याने हात थांबवून आम्हाला सांगितलं, ‘गावाचं पाप भरलं, बाई.’ त्याच्या घरातलं कोण गेलं होतं, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि दयाळू असा कुणी असेल तर हे कसं? हा प्रश्न प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर सांगतात, अठराव्या शतकात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने तो पुन्हा ऐरणीवर आणला. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चं भरलेली असताना पोर्तुगालचं लिस्बन शहर भूकंपाने पडलं, तेव्हा सगळ्या युरोपात यावर वाद पेटला. तिकडे नेहमी दिलं जाणारं उत्तर असं की देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं, वाईट माणूस करतो. भूकंपाला ते लागू पडत नाही. दुःखाने माणूस घडतो, हे दुसरं उत्तर. जे त्या पहाटे झोपेतच गेले ते कधी घडणार होते?

आपल्याकडचं उत्तर वेगळं आहे आणि जास्त खोल आहे: कर्म. वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत हा आक्षेप नाव घेऊन येतो, ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’. जगात विषमता आहे, क्रौर्य आहे, पण त्याचा दोष ईश्वराकडे जात नाही, कारण तो जीवांच्या कर्मानुसार फळ देतो. शंकराचार्य त्यावरच्या भाष्यात म्हणतात, ईश्वर पावसासारखा समजावा. पाऊस सगळ्यांवर सारखाच, भात उगवायचा की जव ते बियाणं ठरवतं. किती नेटकं उत्तर आहे! पण ते पूर्ण मान्य केलं तर ईश्वराच्या हाती उरतं काय? फळ कर्मानेच ठरणार असेल तर त्याला साकडं घालण्यात अर्थ नाही. आणि तो कर्माबाहेर जाऊन कुणाला वाचवू शकत असेल, तर त्या पहाटे का वाचवलं नाही, हा प्रश्न पुन्हा जिथल्या तिथे उभा राहतो. यातून तिसरी वाट मला सापडलेली नाही.

शिवाय किल्लारीने आणखी एक गोष्ट दाखवली. दगडमातीच्या वाड्यांत झोपलेले गेले. कुडाच्या, छपराच्या हलक्या झोपड्यांतली माणसं बरीच वाचली. पूर्वजन्मीच्या पापपुण्याचा निवाडा भिंतीच्या जाडीवरून होतो, हे मला मानता येत नाही. चिखलात रचलेला दगड आणि डोक्यावरची टनावारी माती यांनी कोण मरणार ते ठरवलं. पुढे पुनर्वसनात घरं बांधताना भिंतीतून सिमेंट-लोखंडाचे पट्टे फिरवले गेले, ते याच समजुतीतून. आणि तुळईखाली सापडलेल्या दोन वर्षांच्या लेकराकडे बघून ‘याचंच काहीतरी असणार’ असं म्हणायचं, म्हणजे ज्याचं सगळं गेलं त्यालाच वर आरोपी करायचं. तो म्हातारा स्वतःला आणि स्वतःच्या मेलेल्या माणसांना दोषी धरत होता. मला यापेक्षा मोठी क्रूरता ठाऊक नाही, आणि ती त्याच्यावर लादली होती ती देवाला निर्दोष ठेवण्याच्या गरजेने.

‘देवाची करणी आपल्याला कळत नाही’, हे शेवटचं उत्तर असतं. ढिगाऱ्याखालून काही दिवसांनी एक लहान मुलगी जवानांनी जिवंत काढली, तेव्हा मात्र सगळ्यांना ती करणी लगेच कळली: देवाची कृपा. कळत नसेल तर दोन्ही वेळा कळू नये. वाचलं त्याचं श्रेय त्याचं आणि गेलं त्याचं गूढ, असा हिशोब आपण दुसऱ्या कुणाच्या बाबतीत चालवून घेत नाही. त्या मुलीला बाहेर काढलं ते माणसांच्या हातांनी, आणि त्या हातांचे आभार मानताना माझा गळा आजही दाटतो.

देव नसेल तर चांगलं-वाईट कशावरून ठरवायचं, असंही विचारतात. त्याचं उत्तर प्लेटोने प्रश्नातूनच दिलंय: देव सांगतो म्हणून एखादी गोष्ट चांगली, की चांगली आहे म्हणून देव सांगतो? दुसरं खरं असेल तर चांगुलपणा देवाच्या आधीच उभा आहे. पहिलं खरं असेल तर त्याने उद्या हत्या सांगितली तर तीही चांगली ठरेल, आणि हे कुठलाही श्रद्धाळू माणूस मनातून कबूल करत नाही.

या युक्तिवादांना मर्यादा आहे. ज्यांचं ब्रह्म निर्गुण आहे, काही करत नाही, काही इच्छित नाही, त्यांना यातलं काही लागत नाही. त्यांच्याशी माझं भांडणही नाही, पण त्या ब्रह्माला नवस बोलता येत नाही, त्याच्यापुढे रडताही येत नाही. वारीत चालणाऱ्या बाईला जे वाटतं ते तिला खरोखर वाटतं, यावरही माझा विश्वास आहे. तिच्या डोळ्यांतलं पाणी विठ्ठल असल्याचा पुरावा ठरत नाही, एवढंच माझं म्हणणं. आणि हे तिला वाटेत थांबवून सांगायचं कारण मला दिसत नाही. मात्र 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर विचारणाऱ्याला उत्तर देताना मी आवाज खाली आणायचं सोडलं. ते देव मानणाऱ्यांशी अखेरपर्यंत सौजन्याने बोलत राहिले, आणि वाद असाच घालायचा असतो.

‘मग तुमचं मत कधीच बदलणार नाही?’ बदलेल. करुणा आणि सर्वशक्ती यांची किल्लारीशी सांगड घालून दाखवा, आणि ती घालताना त्या लेकराला दोषी धरू नका. मला वादात हरवायचं असेल तर निरोप-व्हिडिओ पाठवू नका, उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’चा पाचवा स्तबक, म्हणजे पाचवं प्रकरण, घेऊन या. ईश्वर आहे असं म्हणणाऱ्यांची सर्वांत चांगली बाजू तिथे आहे. ओळी अवघड आहेत. आपण बरोबर बसून लावू.