आमची वाटचाल : ब्रह्मपुरीच्या पोसायडनपासून सुरू झालेला क्लास

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. उंची वीतभरही नाही. एक हात वर उचललेला, त्यातला त्रिशूळ आता नाही. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली. पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथं उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातली वस्ती उजेडात आली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, तेव्हा एकदा भाचीला ही मूर्ती दाखवायला घेऊन गेले. ‘समुद्राचा ग्रीक देव घाटावर कसा आला गं मावशी?’ तिनं विचारलं. उत्तर देताना इलियड आणि ओडिसी रचणारा ग्रीक महाकवी होमरही लागला आणि रोमशी चालणारा व्यापारही. घरी परतताना क्लासचा विचार डोक्यात पक्का झाला होता.

वडिलांच्या दुकानावरची खोली, एक फळा, आठवी-नववीची सात मुलं आणि माझ्याबरोबर इतिहास शिकवणारी मैत्रीण. ग्रीक पुराणकथांवर आजच्या लेखकांनी लिहिलेली पुस्तकं घ्यायची आणि त्यांतून साहित्य आणि इतिहास दोन्ही शिकवायचे, एवढंच भांडवल. पालक हमखास विचारायचे, ‘आपलं रामायण-महाभारत असताना हे कशाला?’ प्रश्न रास्त होता. मी म्हणायची, ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ आठवा. खांडेकर आणि सावंत दोघंही कोल्हापुरात राहून लिहीत होते. ज्या घरात ‘मृत्युंजय’ वाचली गेली आहे, त्या घराला जुनी कथा नव्यानं सांगणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. आणि एकदा ही नजर आली की मुलं महाभारताकडेही त्याच नजरेनं बघतात, हे मी वर्गात पाहिलं आहे.

पहिल्या वर्षी मात्र आमच्याकडून मोठी चूक झाली. मुलं रंगून वाचतायत या आनंदात आम्ही फक्त नवी पुस्तकंच वाचून घेतली. वर्षाअखेरीस विचारलं, ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं इलियड कुठं संपतं? जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, ग्रीक सैनिक पोटात लपवून ट्रॉयमध्ये गेलेल्या लाकडी घोड्यापाशी. इलियडमध्ये घोडा नाहीच. ते ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीवर संपतं. घोड्याची गोष्ट ओडिसीत येते आणि पुढं रोमन कवी व्हर्जिल ती सविस्तर सांगतो. ते पेपर तपासताना मला फार वाईट वाटलं, कारण दोष मुलांचा नव्हता. त्या मे महिन्यात आम्ही दोघींनी सगळ्या नोट्स नव्यानं लिहिल्या. तेव्हापासून प्रत्येक धड्याला टेबलावर तीन कागद असतात : होमरच्या ओळी, आजच्या लेखकाचं पान आणि जमिनीतून निघालेली एखादी वस्तू.

ब्रिसेइसचा धडा असा बसला. ब्रिसेइस ही युद्धात पकडलेली बाई. इलियडभर जिच्यावरून ॲकिलिस आणि ॲगमेम्नॉन या ग्रीक वीरांचं भांडण पेटतं, ती स्वतः एकदाच बोलते, एकोणिसाव्या सर्गात, जेमतेम १४ ओळी. ॲकिलिसचा मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतापाशी ती रडते. नवरा आणि तीन भाऊ डोळ्यांदेखत मारले गेले ते सांगते. या ओळी आधी मोठ्यानं वाचायच्या. मग पॅट बार्कर यांच्या २०१८ च्या कादंबरीतली निवडक पानं, ज्यात गोष्ट तीच सांगते. पानं कठोर आहेत, म्हणून ती दहावीच्या पुढच्यांनाच देतो आणि पालकांना आधी कळवतो. तिसरा कागद ग्रीसमधल्या पायलोसच्या राजवाड्यातली मातीची पाटी. इ.स.पू. १२०० च्या सुमारास राजवाडा जळाला आणि त्या आगीत कच्च्या पाट्या भाजून निघाल्या, म्हणून टिकल्या. मायकेल व्हेंट्रिसनं १९५२ मध्ये त्या पाट्यांवरची लिपी उलगडली. पाटीवर लिहिलंय : मिलेटस शहराच्या बायका १६, मुली ३, मुलगे ७, आणि त्यांचं धान्य, अंजीर. नाव एकीचंही नाही. एका मुलीनं बोटांवर मोजून विचारलं, ‘मॅडम, ही दहा मुलं कुणाकुणाची?’ पाटी ते सांगत नाही. त्या दिवशी वर्ग अर्धा तास उशिरा सुटला.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. पुस्तकांची झेरॉक्स आम्ही कधीच काढली नाही, मुलागणिक प्रत विकत घेतो, त्यामुळे फीतून फार उरत नाही. एका शाळेनं वर्षभराचं ठरवून सहामाहीनंतर ‘यानं मार्क वाढत नाहीत’ म्हणत थांबवलं. कर्ज काढून आणलेल्या ४० प्रती कपाटात राहिल्या. त्यांचंच वाचनालय झालं. लॉकडाऊनमध्ये क्लास ऑनलाइन गेला आणि दुबई-सिंगापूरची मराठी मुलं जोडली गेली. शनिवारची बॅच त्यांची.

जूनपासून ओडिसी घेतोय. बाविसाव्या सर्गात नायक ओडिसियसच्या घरातल्या बारा दासींना फासावर चढवतात, कादंबरीकार मार्गारेट ॲटवुड यांनी २००५ मध्ये त्यांनाच बोलतं केलं. हे दोन कागद तयार आहेत, तिसऱ्यावर आमच्या दोघींचं महिनाभर एकमत होत नव्हतं. त्याच सर्गात घरची म्हातारी दाई युरिक्लिया सांगते की या घरात ५० बायका आहेत, त्यांना आम्ही लोकर पिंजायला आणि गुलामी सोसायला शिकवलं. परवा मैत्रिणीनं मागाच्या मातीच्या वजनांचा फोटो आणला. उभ्या मागाचे धागे ताणून धरणारी ही वजनं ग्रीक घरांच्या उत्खननांत सतत सापडतात. आता टेबलावर तोच कागद ठेवणार आहोत.