तुक्का?

"तुक्का लागलाय काका," पुतण्या म्हणाला आणि पूलच्या (टेबलावर काठीने बॉल पॉकेटात घालायचा खेळ) एका शॉटचा व्हिडिओ बघून मोबाईल परत दिला.

१९९५, अमेरिकेतलं रीनो. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस विरुद्ध अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड, स्कोअर १२-१२. पाच नंबरचा बॉल दुसऱ्या बॉलमागे लपलेला, सरळ मारायला वाटच नाही. रेयेस वाकला, पांढरा बॉल दोन कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडांवरून) झेडसारखा फिरवला आणि पाच बरोब्बर पॉकेटात!

मला तो 'तुक्का' शब्द टोचला. मनिलाच्या पूलहॉलमध्ये टेबलावर झोपणारा, हात पोचत नाही म्हणून कोकच्या क्रेटवर उभा राहून खेळणारा पोरगा म्हणजे हा रेयेस, पुढे १९९९ ला नाइन-बॉल आणि २००४ ला एट-बॉल, पूलच्या या दोन्ही प्रकारांत वर्ल्ड चॅम्पियन, आणि असं करणारा पहिलाच.

रात्री बघतो तर पुतण्या व्हिडिओ थांबवून पहिल्या कुशनवर बोट ठेवून बसलेला. "काका, हा कोन त्याला दिसला कसा?"

तुम्हाला काय वाटतं, कसा दिसला असेल?