चवथीच्या तोंडावर सँडर उघडला आणि नको ती रिंग काढून फेकली

आमचं घर गोव्यात डिचोलीकडे, जुनं. पुढचं दार फणसाच्या लाकडाचं, त्यावर आजोबांच्या काळापासूनचे पॉलिशचे थरावर थर. यंदा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी ते घासून नवं करायचं असं मी घरात सगळ्यांसमोर बोलून बसलो आणि मग माघार घेणं शक्यच नव्हतं. पावसात पॉलिश वाळत नाही हे आई पहिल्या दिवसापासून सांगत होती पण ऐकतो कोण.

माझ्याकडे गोल पॅडवाला सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन आहे, १२५ मिमीचा, वेल्क्रोने पॉलिश पेपर चिकटवायचा तो. पाच वर्षं जुना. अर्धा दरवाजा झाला, खालून छान पिवळी भुकटी पडायला लागली (फणसाचं लाकूड बाहेरून काळपट तपकिरी झालं तरी आतून पिवळंच राहतं) आणि मशीन घरघरायला लागलं. हात इतका थरथरत होता की नंतर चहाचा कप धरताना बोटांना मुंग्या. पॅड हाताने हलवून बघितलं तर खडखड, म्हणजे बेअरिंग गेलेलं.

युट्यूबवर दोन-तीन व्हिडिओ बघितले आणि उघडला. पॅडचे स्क्रू काढले, पॅड निघालं, खाली पॅडच्या कडेला टेकणारी एक रबराची रिंग दिसली, एका बाजूने फाटलेली. मला वाटलं धूळ आत जाऊ नये म्हणून असेल, आणि तशीही फाटलीच आहे, म्हणून उचलून कचऱ्यात टाकली. ही चूक नंबर एक, तिच्याकडे परत येतो.

आतलं बघून मात्र मी खरंच थोडा वेळ तसाच बसून राहिलो. मला इतकी वर्षं वाटायचं की मोटर फिरते आणि पॅड फिरतं, बास. तसं नाहीये. मोटरच्या शाफ्टच्या खाली जे पॅडचं बेअरिंग आहे ते मधोमध नसतं, किंचित बाजूला असतं. माझ्या मशीनवर ऑर्बिट (त्या फेऱ्याचा व्यास) २.५ मिमी लिहिलंय, म्हणजे ते सरकवलेलं अंतर फक्त सव्वा मिलिमीटर. मोटर फिरली की अख्खं पॅड त्या सव्वा मिलिमीटरच्या वर्तुळात गरगरतं, मिनिटाला १२,००० वेळा. आणि पॅडला स्वतःभोवती फिरवणारं काहीच जोडलेलं नाही! ते बेअरिंगवर मोकळं आहे, नुसत्या ओढीने हळूहळू फिरतं. म्हणून तर एकाच जागी एकसारखे ओरखडे पडत नाहीत. ते चौकोनी कागदाचे छोटे सँडर असतात ना, त्यांना कोपऱ्यांत रबराचे पाय असतात, ते पॅडला फिरूच देत नाहीत, फक्त थरथरवतात.

आता हिशेब बघा. पॅड आणि कागद मिळून दीडशे ग्रॅम धरा, सव्वा मिलिमीटर आणि १२,००० चा वेग, तर बाहेर ओढणारा जोर जवळपास ३० किलो वजनाइतका येतो. सिमेंटच्या अर्ध्या गोणीपेक्षा जास्त, आणि त्याची दिशा सेकंदाला २०० वेळा गोल फिरते. हे हाताला कळत नाही कारण मोटरच्या पंख्यालाच विरुद्ध बाजूला एक जाड लोखंडी वजन बसवलेलं असतं. पॅड खाली आणि वजन त्याच्या वर असल्यामुळे नुसतं तेवढ्याने मशीन डुगडुगेल, म्हणून माझ्यात आणखी वर दुसऱ्या बाजूला एक छोटं वजन पण आहे. ते सगळं त्या ठरावीक पॅडच्या वजनाला जुळवलेलं. मी मागच्या वर्षी मध्ये जाड स्पंज लावून वापरत होतो आणि तेव्हापासूनच हात थरथरायचा, ते कोडं आता सुटलं.

बेअरिंग पुसून नंबर वाचला, ६००१, म्हणजे आतून १२, बाहेरून २८, जाडी ८ मिमी. म्हापशात दुकानदाराने विचारलं, झेडझेड देऊ की टू-आरएस? मला काय कळतंय. तोच म्हणाला, लाकडाची भुकटी उडते ना, मग दोन्हीकडे रबरी सील असलेलं टू-आरएस घ्या, झेडझेडच्या पत्र्याच्या सीलमधून धूळ शिरते. शहाणा माणूस. नशिबाने दोन घेतली, कारण पहिलं मी आतल्या कड्यावर हातोडी मारून बसवलं. बेअरिंग त्याच्या खोबणीत बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब द्यायचा असतो, नाहीतर सगळा मार मधल्या गोळ्यांवर जातो. फिरवून बघितलं तर लगेच कटकट लागत होती. दुसरं पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरात ठेवलं (श्रावण होता म्हणून फ्रीझर रिकामा, नाहीतर बांगड्यांच्या वासाचं बेअरिंग बसवावं लागलं असतं), सकाळी पान्याचा जुना सॉकेट वर ठेवून दाबलं आणि अलगद बसलं.

जोडलं, चालू केलं, आवाज मख्खन. मी खूश. दाराला टेकवला आणि खर्रकन एक अर्धचंद्र कोरला गेला, नखाएवढा खोल. भोवती जिलबीसारखे गोल गोल ओरखडे.

शेजारच्या वाड्यावरचे मेस्त (सुतार) आले होते, माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीची पट्टी बदलायला. त्यांना दाखवलं. त्यांनी मशीन हवेत धरून चालू केलं, पॅडकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे बाबा, तुवें ब्रेक काडून उडयलो!"

तर ती रिंग म्हणजे ब्रेक. हवेत धरल्यावर पॅडला अडवायला काहीच नसतं, मग बेअरिंगच्या ओढीने ते वेग घेत घेत जवळजवळ मोटरच्या वेगाने फिरायला लागतं. रिंग पॅडच्या पाठीला जरा घासत राहते आणि त्याला आवरते. लाकडाला टेकल्यावर लाकूडच ते काम करतं. मेस्तांनी अजून एक सांगितलं, पॅडच्या कडेला पेनाने रेघ मार, काम करताना ती हळू फिरताना दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली तर ब्रेक गेला, आणि जागची हललीच नाही तर तू जास्त दाबतोयस. मी दुसऱ्या प्रकारातला निघालो, वर हात टाकून दाबायची सवय. मशीनचं स्वतःचं वजन पुरतं म्हणे.

रिंग ऑनलाइन मागवली, ती यायला सहा दिवस. पोचली तेव्हा चवथ तीन दिवसांवर. बसवली, ८० नंबरच्या कागदाने अर्धचंद्राभोवतीचा भाग उतरवला, मग १२०, मग १८०. जिलब्या गेल्या, अर्धचंद्र पूर्ण गेला नाही, तिरकं बघितलं की दिसतो. पॉलिशचा शेवटचा हात आदल्या रात्री पाऊस कोसळत असताना मारला. गणपती आला तेव्हा दार चिकटच होतं आणि घुमट (मातीचं वाद्य) वाजवून करतात त्या आरतीला आलेल्या प्रत्येकाला मी आणि आई मिळून सांगत होतो, दाराला हात लावू नका.